मल्लव्वा आत्याचं सोनं आणि नारोपंत पोतदार

सोनं घासलं की झिजतं. किस्से मात्र उलटे. जितके घासाल तितकं वजन वाढतं! आमच्या घरात मल्लव्वा आत्याचं सोनं आलं, निवडलं गेलं, वाटलं गेलं आणि आता तर निम्मं लेकीसुनांच्या अंगावर सोलापूर सोडून कुठं कुठं गेलं. पण ते निवडताना जे काही घडलं ते सगळं माझ्याकडं साठून राहिलंय. लग्नघरात बायका दागिने घालायला बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "काकू, ते नारोपंतांचं सांगा की!" मग लुगडं नेसणं बाजूला राहतं आणि वऱ्हाड खोळंबतं. माझी सून म्हणाली, "एकदा लिहूनच काढा. मुहूर्त तरी टळणार नाहीत."

तर आधी घर सांगते. आमचं कापडाचं दुकान. लिंगायत घर, त्यामुळं मराठी आणि कानडी एकाच ताटात. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे. आम्ही तिघी सुना. थोरल्या जाऊबाई म्हणजे अक्का. जिभेला धार अशी की अडकित्ता लाजावा. मधली शांतव्वा, अक्कलकोटकडची. रागावली किंवा हरखली की मराठी सोडून कानडीत शिरायची. आणि मी धाकटी, करकंबची, नुकतीच या घरात रुळायला लागलेली.

अप्पांची मोठी बहीण मल्लव्वा आत्या वळसंगला राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, शेती मात्र चांगली. दर सुगीला ती एक डाग करायची. चोरांचं भय म्हणून खऱ्या दागिन्यासारखा दिसणारा, पितळेवर मुलामा दिलेला दुसराही करायची आणि दोन्ही एकत्र ठेवायची. चोर फसावा हा हेतू. चोर कधी आलाच नाही. फसलो आम्ही! जाताना ती एवढंच बोलली, "माजं सोनं माज्या भावाच्या सुनांचं." कुठलं कुणाला, खरं कुठलं, खोटं कुठलं, काही नाही. डोळे मिटले आणि मोकळी झाली.

*

सोनं वळसंगहून आणायला अप्पा स्वतः गेले. आत्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, गाठोडी, सगळं एका पोत्यात भरलं, वर कांदे ओतले आणि बैलगाडीत त्या पोत्यावर स्वतः बसले. वाटेत पाणी प्यायलासुद्धा उतरले नाहीत.

सोलापूरच्या जकात नाक्यावर गाडी अडवली. आता अप्पा उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. दुकानातसुद्धा, म्हणजे बघा!

नाकेदारानं विचारलं, "काय हाय पोत्यात?"

"वर कांदं हायती."

"आन् खाली?"

अप्पांना घाम फुटला. गाडीवान तिकडं तोंड करून शीळ घालायला लागला. अप्पांनी डोळे मिटले, सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं आणि म्हणाले, "खाली सोनं हाय."

नाकेदार पोट धरून हसला. "आन् माज्या पेटीत कोहिनूर हाय! जावा, अप्पा, जावा. कांद्याची तेवढी जकात भरा."

अप्पा पुढं सगळ्यांना सांगायचे, "खरं बोलणाऱ्याला कुणी अडवत न्हाय. कारण त्याच्यावर कुणाचा इस्वासच बसत न्हाय!"

*

माजघरात जाजम अंथरून पोतं रिकामं केलं. कांद्याचा वास आणि सोन्याचा ढीग! आम्ही तिघी भोवती बसलो. पिवळं तेवढं सगळं सारखंच दिसत होतं.

अक्का म्हणाल्या, "त्यात काय अवघड हाय? चावून बघायचं. मऊ लागलं तर सोनं, कडक लागलं तर पितळ."

त्यांनी बोरमाळ उचलली आणि एक मणी दाढेखाली घेतला. मणी सोन्याचाच निघाला. पण आतून पोकळ होता आणि पोकळीत सोनाराची लाख भरलेली! मणी फुटला आणि लाख दाढेत जाऊन बसली. अक्कांनी बोट घालून पाहिलं, काडी घालून पाहिली. निघेना. मग शांतव्वानं शहाणपणा केला. "गरम चहा प्या अक्का, मऊ हुईल."

मऊ झाली. इतकी मऊ झाली की वरची दाढ आणि खालची दाढ एक झाली! चहा थंड झाल्यावर ती लाख पुन्हा घट्ट. अक्कांचं तोंडच उघडेना. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, संध्याकाळचा झाला. अक्का नुसत्या हातवारे करून स्वयंपाक सांगत होत्या. अप्पा जेवायला बसले, त्यांनी भाजीला मीठ जास्त झालंय असं म्हटलं, तरी कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं, सगळा प्रकार कळला आणि ते भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला हात जोडून म्हणाले, "मल्लव्वा, जाता जाता घरात शांतता ठिवून गेलीस बघ!"

दुसऱ्या दिवशी अक्कांचं तोंड सुटलं. पहिलं वाक्य होतं, "ह्ये आपलं काम न्हवं. मानूस बोलवा."

*

माणूस म्हणजे नारोपंत पोतदार. सराफ आळीत पारख करायचे, पण त्यांचं खरं नाव होतं ते घरगुती वाटण्यांत. कुणाकडं म्हातारं माणूस गेलं, डबे उघडले गेले आणि भावाभावांची, जावाजावांची तोंडं वाकडी व्हायला लागली की नारोपंतांकडं टांगा जायचा. ते स्वतःच सांगायचे, "सुईण जन्माला, भटजी लग्नाला आणि मी मेल्यावर! पण भांडणं फक्त माझ्याच कामात."

बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, खांद्यावर उपरणं, एका डोळ्याला लावायची लेन्स आणि पोट असं की लेन्स पडली तर जमिनीवर न जाता तिथंच थांबावी. आल्या आल्या त्यांनी कोट खुंटीला लावला आणि अटी सांगितल्या. मांजर घरात नको. वारा नको. मी बोलत असताना कुणी बोलायचं नाही, आणि मी गप्प असताना तर मुळीच नाही. शेवटची अट, रोज निघताना त्यांची झडती घ्यायची!

अप्पा ओशाळले. "छे छे, पोतदार! असं कसं?"

"घ्यायचीच! नाहीतर उद्या एक मणी कमी पडला की तोंडावर काही म्हणणार नाही, पाठीमागं पेठभर म्हणाल."

झडतीचं काम आमच्या ह्यांच्याकडं आलं. आमचे हे म्हणजे गिऱ्हाइकाला कापडाचा भाव सांगतानासुद्धा लाजणारे. दोन बोटांनी नारोपंतांच्या खिशाला वरवर शिवायचे आणि "झालं" म्हणायचे. नारोपंत ओरडायचे, "अहो, ही झडती आहे की ओवाळणी? नीट चेकिंग करा!"

एके दिवशी ते असेच ओरडले म्हणून ह्यांनी जरा जोर करून उपरणं झटकलं. खळ्ळकन आवाज झाला. खाली मोत्यांची नथ!

मांडीवर पडलेल्या उपरण्याच्या दशांमध्ये नथेचा आकडा अडकून बसला होता, हे नंतर कळलं. पण त्या क्षणी आमचे हे पांढरे पडले. अप्पा खाली बघायला लागले. अक्कांचं तोंड उघडलं, पण काय बोलावं ते सुचेना. लाखेशिवाय असं पहिल्यांदाच झालं.

नारोपंतांनी नथेकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा! मी सांगत नव्हतो? कुणावर विश्वास ठेवू नका. माझ्यावर तर अजिबात नको!"

*

निवडायची त्यांची पद्धत नामी होती. डोक्यातलं एका ताटात, नाकातलं दुसऱ्यात, मग कानातलं, गळ्यातलं, हातातलं, कमरेचं, पायातलं. खऱ्याची ताटं वेगळी, खोट्याची वेगळी, ज्याचा निकाल लागला नाही त्याची आणखी वेगळी. शांतव्वा स्वयंपाकघरातून ताटं आणून देत राहिली आणि दुपारपर्यंत घरात एक ताट शिल्लक राहिलं नाही.

अप्पा दुकानातून भुकेले आले. पाटावर बसले. भाकरी तयार, आमटी तयार, ताट नाही.

"अगं, ताट आणा की!"

आतून अक्का ओरडल्या, "अप्पा, जरा दम धरा. पायातलं रिकामं हुतंय!"

अप्पा उठले आणि हातावर भाकरी घेऊन ओसरीवर जाऊन जेवले. सोनं घरात असेपर्यंत मग आम्ही सगळी पत्रावळीवरच जेवलो. शेजारणीला वाटलं, यांच्याकडं रोजच काहीतरी कार्य आहे.

*

पण सगळंच काही हसण्यावारी नव्हतं. एक दिवस नारोपंतांनी गाठोड्यातून एक जाडजूड रेशमी दोरा काढला, लेन्स लावून पाहिला आणि आवाज बदलला. "अप्पा, ही पुतळ्यांची माळ होती. दोऱ्याला ठिकठिकाणी घासल्याच्या खुणा आहेत. दोरा आहे, पुतळ्या कुठं आहेत?"

पुतळी म्हणजे नाण्यासारखी गोल सोन्याची चकती. आत्याच्या गळ्यात ती माळ अप्पांनी लहानपणी पाहिलेली होती. आम्ही डबे पालथे घातले, बरण्या धुतल्या, कांदेसुद्धा एकेक करून पाहिले. काही नाही.

मग घरात ते सुरू झालं, जे सोन्याबरोबर येतंच. अक्कांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण शांतव्वाच्या खोलीकडं बघून "ज्यानं घेतलं त्याच्या अंगावर फुटल" असं पुटपुटल्या. शांतव्वानं ते ऐकलं. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपली ट्रंक माजघरात आणून सगळ्यांसमोर उपडी केली. काकणं, चोळ्या, माहेरहून आलेली चिंचेची गोळी. एवढंच निघालं. ती काही बोलली नाही, कानडीतसुद्धा नाही, तेव्हा मला भीती वाटली. चुली वेगळ्या होतात त्या अशाच.

अप्पांना हे फार लागलं. त्यातच त्यांची पाठ धरलेली. आत्याची आठवण म्हणून तिची जुनी वाकळ ते अंथरायला घेत होते, आणि रोज सकाळी कण्हत उठत होते. आम्हाला वाटलं, काळजीनं झालं. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर नवे, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी सदरा वर करायला सांगितला आणि बराच वेळ पाठीकडं पाहत राहिले.

"अप्पा, हा कसला रॅश? एकसारखे गोल गोल वळ आहेत. अशी केस मी पुस्तकातसुद्धा पाहिली नाही."

अक्का पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. पदर सावरायचं विसरून त्या आत आल्या, पाठीवर नजर टाकली आणि तांब्या खाली ठेवला.

"अय्या! डागदर, ह्यो आजार न्हवं. ह्या पुतळ्या हायती!"

वाकळ उसवली. आतल्या चिंध्यांच्या थरात आत्यानं एकेक पुतळी टाके घालून बसवलेली. शांतव्वा उसवत होती आणि अक्का गोळा करत होत्या. शेवटची पुतळी निघाली तेव्हा अक्कांनी ती शांतव्वाच्या हातात दाबली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "माज्या जिभंला हाड न्हाय, शांते."

शांतव्वा हुंदके देत म्हणाली, "पुन्यांदा लाख लावू का?"

दोघी रडता रडता हसत सुटल्या. अप्पा पालथेच पडलेले, म्हणाले, "आता तरी कुणी तेल लावा!"

*

सोन्याची बातमी वळसंगला पोचायला वेळ लागला नाही. तिथून भीमशा नावाचा एक गृहस्थ आला. मोठा फेटा, मोठा आवाज. "मल्लव्वाकडं माज्या बायकूची ठुशी ठिवायला दिलती. सोन्याची. ती द्या."

अप्पा लगेच विरघळले. बहिणीनं कुणाचं ठेवून घेतलं असेल तर ते परत गेलंच पाहिजे. पण नारोपंतांनी त्यांना डोळ्यानं थांबवलं, खोट्याच्या ताटातली एक झळझळीत ठुशी उचलली आणि विचारलं, "हीच का?"

"हीच! हीच की! लांबनं वळाकली मी!"

"नक्की?"

"सिद्धरामेश्वराची आन!"

नारोपंतांनी ठुशी रुमालात बांधून दिली, वर चहा पाजला. भीमशा गेला. दुसऱ्या दिवशी मिल सुटायच्या वेळेला तो परत हजर, रागानं लाल! "ह्ये पितळ हाय! मला फशीवलं!"

नारोपंत शांतपणे लेन्स पुसत म्हणाले, "म्हणजे तुमच्या बायकोची ठुशी सोन्याची होती?"

"व्हय! सोन्याची!"

"आणि ही पितळेची आहे?"

"व्हय! पितळंची!"

"मग ही तुमची नव्हे. ठेवा इथं."

भीमशानं ठुशी ठेवली. जिना अर्धा उतरल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तो तिथंच थांबला. मग तसाच खाली गेला. आला होता दणदणत, पण जाताना हळू पावलांनी गेला.

*

वाटणीचा दिवस आला. नारोपंतांनी सकाळीच सगळ्यांना बाहेर काढलं आणि शांतव्वाला तेवढं आत मदतीला ठेवलं, कारण सगळ्यात कमी ती बोलते असा त्यांचा समज. कमी बोलत होती हे खरं. पण दागिना उचलला की तिचे डोळे चमकायचे आणि ती छातीशी धरून म्हणायची, "इदु नंदु!"

कानडीत नंदु म्हणजे "माझं". "इदु नंदु", म्हणजे हे माझं! नारोपंतांना कानडीचा गंध नाही. पहिल्यांदा त्यांनी दुर्लक्ष केलं. मोहनमाळ उचलली, "नंदु!" पाटल्या उचलल्या, "नंदु!" कमरपट्टा उचलला, तेव्हा तर शांतव्वानं दोन्ही हातांनी धरला, "नंदु, नंदु!"

दुपारी आम्हाला आत बोलावलं. जाजमावर दागिन्यांचे चार ढीग!

अप्पा म्हणाले, "पोतदार, सुना तीन हायती. चवथा कुनाचा?"

नारोपंत गंभीरपणे म्हणाले, "हे पहा अप्पा, घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्यात, मी बाहेर बोलणार नाही. पण ज्याचा हक्क त्याला मिळालाच पाहिजे. हा नंदूचा वाटा!"

"कोन नंदू?"

"ते मी कसं सांगणार? तुमच्या सूनबाई सकाळपासून त्याचं नाव घेतायत!"

शांतव्वानं तोंडावर पदर घेतला आणि आत पळाली. आम्ही हसून हसून जाजमावर लोळलो. अक्कांनी उलगडा करून सांगितल्यावर नारोपंत खजील झाले. ते चौथा ढीग मोडायला लागले, तेव्हा अप्पांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. तीन वाटे सुनांचे. नंदूचा वाटा घराचा. हितनं पुढं जे येतील त्यांचा."

आणि झालं तसंच. घरात पुढं जी लग्नं झाली त्यांत "नंदूच्या डब्यातून काढा" असंच म्हणायचे. शांतव्वाला पुढं मुलगा झाला. बारशाला बायका कानात नाव सांगायला वाकायच्या आधी अख्खं घर एका सुरात ओरडलं. दुसरं काही ठेवायची सोयच नव्हती!

*

चारही ढीग जागच्या जागी गेले, पण एक वाकी राहिली. दंडावर घालायची, नागमोडी, मधे लाल खडा. तिला जोड नव्हती, म्हणून वाट्यात बसेना. आणि ती अक्कांनाही हवी होती, शांतव्वालाही. पुतळ्यांचं प्रकरण ताजं, म्हणून दोघी तोंडानं "तू घे", "न्हाई अक्का, तुमी घ्या" म्हणत होत्या. पण म्हणताना वाकीवरून कुणाची नजर हलत नव्हती. मी तर त्यात नव्हतेच. धाकटीनं मागायचं नसतं, आणि माहेरहून माझ्या अंगावर आलं होतं ते इतकं थोडं की दागिन्यांची गोष्ट निघाली की मी आपली चुलीपाशी जायची.

नारोपंत म्हणाले, "खिळा चालतो का बघायला हवं. धाकट्या वहिनी, जरा दंडात घाला."

मी घातली. बसवायचा खिळा मळसूत्राचा होता, तो पिळला. आणि काढायला गेले तर निघेना! मी पिळतेय, पिळतेय, खिळा हलेना. अक्कांनी तेल लावलं, शांतव्वानं ओढून पाहिलं. शेवटी नारोपंतांनी लेन्स लावून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून च्च च्च केलं. "जुना खिळा आहे. जोर केला तर वाकी तुटेल. राहू दे. सैल होईल तेव्हा होईल."

झालं! मी वाकी घालून भाकऱ्या थापल्या, वाकी घालून धुणं धुतलं. दूधवालीनं पाहिलं आणि तिनं पेठभर केलं. बायका हळदीकुंकवाची सबब काढून बघायला यायला लागल्या. आमचे हे दुकानातून आले, मी पाठमोरी पाणी भरत होते. दारातूनच परत फिरले आणि अक्कांना विचारलं, "कोन पावण्या आल्यात?"

अक्कांनी मला वळवून समोर उभं केलं. हे बघतच राहिले. नंतर काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. वाकी जरा सरळ केली. "तुज्याच दंडात शोभतीया गं. शांते, तुला काय वाटतं?"

शांतव्वा म्हणाली, "हौदु." म्हणजे हो.

"मग ऱ्हाऊ दे. निगाली तरी तुजीच."

या घरात आल्यापासून मी पाहुणीसारखी पाटाच्या कडेला बसत होते. त्या दिवशी नीट मांडी घालून बसले.

नारोपंतांचं काम संपलं. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या हातावर साखर ठेवली, तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "वहिनी, खिळ्याला काही झालेलं नाही. तुम्ही उलटा पिळत होता!"

*

शेवटचं सांगते आणि थांबते.

वाटण्या होऊन बरेच महिने गेले होते. एक पितळी वाटी तेवढी तशीच राहिली होती. तिच्यात बुगड्या होत्या. कानाच्या वरच्या कडेला घालतात त्या, मोत्याच्या, सोन्याच्या. खऱ्याच सगळ्या. पण प्रत्येक एकेकटी! एकीलाही जोड नाही. नारोपंतांनी तेव्हाच सांगितलं होतं, "जोडी नसलेला कानातला डाग म्हणजे नुसतं सोनं. आटवून टाका." अक्कांनी त्यासाठीच त्यांना पुन्हा बोलावलं होतं. नारोपंत वाटी पुढ्यात घेऊन बसले, काटा लावला, तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज झाला.

एक म्हातारी वर आली. धनगराची, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं भरलेले. दारातच टेकली. अक्कांनी पाणी दिलं.

"मल्लव्वाचं घर ह्येच न्हवं?"

"तिच्या भावाचं. ती गेली, मावशी."

"ठावं हाय मला. म्हून तर हितवर आले." तिनं पदराची गाठ सोडली. आतून एक बुगडी काढली आणि तळहातावर धरली. "ह्याची जोडी हाय का बगा."

अक्का सावध झाल्या. "दुसरी कुटं गेली, मावशी?"

"कुटं जाती? हितंच हाय की, तुमच्याकडं." म्हातारी हसली. "वळसंगात मी मल्लव्वाच्या शेजारची. लगीन झालं, लांब दिलं मला, तिकडं माळावर. गाव सोडताना लई रडले मी. तवा मल्लव्वानं ही एक हातात दिली. म्हनली, दुसरी माज्यापाशी हाय, ती घालायला येत जा. आमच्या गल्लीतनं जी जी पोर सासरला गेली, तिला असंच. मी दर साली यायची. दोनी कानात घालायची, चार दिस मिरवायची, आन् निगताना एक तिच्यापाशी ठिवून जायाची."

नारोपंतांनी डोळ्याची लेन्स काढली होती. ती पुन्हा लावायला त्यांना जरा वेळ लागला. त्यांनी वाटीतल्या बुगड्या एकेक करून म्हातारीच्या बुगडीशेजारी धरल्या. एक ठेवली, उचलली. दुसरी ठेवली. मग एक उचलली आणि तिच्याजवळच राहू दिली. दोन्ही काट्यात टाकल्या. काटा मधोमध उभा राहिला.

अक्कांनी कुणालाही विचारलं नाही. दोन्ही बुगड्या उचलल्या, म्हातारीच्या समोर बसल्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या दोन्ही कानांत घातल्या. शांतव्वानं आरसा आणून धरला. म्हातारीनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि पोरीसारखी लाजली.

आम्ही तिला जेवायला घातलं. ती शांतव्वाशी कानडीत बोलली, अक्कांशी मराठीत, अप्पांना मल्लव्वाच्या वळसंगातल्या चार गोष्टी सांगितल्या. ऊन कलल्यावर घोंगडी खांद्यावर टाकून उठली.

दारापाशी थांबली. डाव्या कानातली बुगडी काढली, परत आली आणि वाटीत टाकली.

अक्का म्हणाल्या, "अवो मावशी, दोनी तुमच्याच! न्या की!"

म्हातारी म्हणाली, "आन् मग पुढल्या साली मी कुटं येऊ?"